वैदेहीची टाच

आषाढ शु. १०
पूजा, पारायण यथासांग. नातसून रेखा तान्ह्या वैदेहीला घेऊन आदिलाबादच्या इस्पितळात जाऊन आली. मूल तीन आठवड्यांचे. डावे पाऊल जन्मतः आत वळलेले. आज पहिले प्लास्टर. मी म्हटले, हे पूर्वसंचित, त्यास प्लास्टर काय करणार? रेखा म्हणाली, "आबाजी, संचित तुमी पाहा. पाय मी पाह्यतो."

श्रावण शु. १
आमच्या इचोड्याहून आदिलाबादची बस. या वेळी मीही गेलो. चौथे प्लास्टर. दर आठवड्यास डॉक्टरीणबाई पाऊल हलक्या हाताने किंचित बाहेर वळवून तसेच बांधतात. विचारले, ताणलेले पुन्हा आखडणार नाही का? म्हणाल्या, "बाबाजी, ये रबर नहीं, बेल है. जिधर बाँधो, उधर बढ़ती है." बेल म्हणजे आपला वेल. आतले स्नायुबंध नुसते ताणले जात नाहीत, ओढ सतत राहिली की नवे तंतू घालून स्वतःच लांब होतात. देह नश्वर, हे आयुष्यभर वाचले. तो शिकतो, हे कोणी सांगितले नव्हते.

श्रावण शु. १५
टाचेमागची घोडशीर आखूड, म्हणून सुईएवढ्या छेदातून कापली. तीन आठवड्यांत ती लांब होऊन जुळेल म्हणे. जपात चित्त लागले नाही.

भाद्रपद शु. ७
जुळली! पाऊल सरळ, टाच खाली. आता पाऊल पुन्हा वळू नये म्हणून आडव्या पट्टीने एकमेकांस जोडलेले चामड्याचे बूट, दिवसातून तेवीस तास. शेजारी दोनदा सांगून आलो. रेखा हसली, "तीनदा गेले होते तुमी."

आश्विन शु. १
घट बसले. माजघरात घट, माजघरातच पाळणा. ओसरीवर सोयाबीनची पोती, पाळणा हलविण्यास जागा नाही. देवीसमोर नऊ दिवस चामडे? बूट काढावयास सांगितले.
"आबाजी, मॅडम रागावतीन."
"देवी पाहील."
तिने मान खाली घालून पट्टे सोडले.

आश्विन शु. ११
टाच वर ओढली गेली आहे. पाऊल पुन्हा आत. डॉक्टरीणबाईंनी विचारले, जूते किसने निकाले? मी तोंड उघडण्यापूर्वीच रेखा म्हणाली, "मुझसे भूल हो गई, मॅडम." बाईंनी तिला सर्वांदेखत खडसावले. मी बाजूच्या बाकावर माळ ओढीत बसलो. बोललो नाही. हे इथे लिहून ठेवतो.

आश्विन व. १०
दोन प्लास्टरे झाली. पाऊल परत आले. नव्याने बूट, या वेळी पट्टे मी बांधले. आंघोळीपुरते सोडले, तेव्हा बूट देवाच्या चौरंगाशेजारी ठेवले. पारायणास आलेले शेजारचे देवराव चमकले. "आबाजी, चामडं? देवापाशी?"
म्हटले, "माझ्या पणतीचा दागिना आहे."
स्वयंपाकघरातून रेखा हसल्याचे ऐकू आले.

पौष शु. ४
आता बूट फक्त झोपताना. रेखाने एक दिवसही चुकविला नाही. पोर रडते, ही गाणे म्हणते आणि पट्टा ओढते. माझे पाठांतर उभ्या गावाने वाखाणले. असली निष्ठा मजजवळ नव्हती.

वैशाख शु. १२
आज पोथीच्या चौरंगास धरून वैदेही उभी राहिली. पोथीतला खुणेचा कागद तिच्या डाव्या टाचेखाली सरकवून पाहिला. सरकला नाही. टाच घट्ट टेकलेली! रेखास हाक मारली. ती पिठाच्या हातांनी धावत आली, खाली वाकून पाहिले, बराच वेळ उठलीच नाही.
मग म्हणाली, "उद्या तपासणी हाय. येता काय?"
"येतो."
"झोपतानी बूट चार वर्षांची होईस्तोवर. तवा बी बांधसान?"
मी एक्याऐंशीचा. म्हटले, शिकवून ठेव प्रकाशला. नवऱ्याचे नाव ऐकून तिने नाक मुरडले.
उद्या बाईंना सांगावयाचे आहे की नवरात्रात बूट कोणी काढविले. हिंदी वाक्य सकाळपासून जुळवीत आहे. "वह भूल इसकी नहीं थी" इथवर झाले. पुढचे दोनच शब्द उरले: "मेरी थी."