मरळ, कोरमीनू आणि तुझं नुसतं ‘ते’

आई, आज अफझलगंजला बस बदलताना ‘ते’ दिसलं. टबात वळवळणारे काळे मासे, आणि विकणारी ओरडतेय, “कोरमीनू, अम्मा, जिंदा!” मी तिथेच थबकले, बस गेली. तेव्हापासून जिवाला चैन नाही. घरी येऊन दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला. शेवटी म्हटलं, तुझ्याशीच बोलावं.

मराठीत ती मरळ. मलकपेठच्या आपल्या शेजारणी मुर्रल म्हणायच्या. तू मात्र एकही नाव तोंडातून काढलं नाहीस. तुझ्यासाठी ते नुसतं ‘ते’. घरात चातुर्मासात कांदासुद्धा बंद, आणि मृगाच्या दिवशी माझ्या दम्यासाठी तू पाण्याच्या पिशवीत बोटाएवढं जिवंत ‘ते’ धरून जुन्या शहरात, जिवंत माशातून दम्याचं औषध गिळायला देतात त्या रांगेत उभी! बाबा वैतागलेले. “अगं, शाकाहारी लोकांना औषध गुळातून देतात की!” तर तू म्हणालीस, “गुळानं जायला तो काय खोकला आहे?”

पलीकडे नव्यानंच आलेल्या परदेशी कोल्ड्रिंकची गाडी उभी आहे, लोक बाटल्या तोंडाला लावताहेत, आणि आपला नंबर आल्यावर मी दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलंय. औषध भरलेला तो मासा माझ्या ओठांपाशी तडफडतोय. मागचे म्हातारबाबा समजावताहेत, “बेटा, डरो नक्को, फिसल के जाती.” तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. “आधी मला द्या,” म्हणालीस, आणि आ केलास. ते घशाखाली उतरताना तुझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. “बघ, काही होत नाही.” बाबा दुसरं आणायला धावले. ते मी गिळलं.

घरी येऊन तू जेवली नाहीस, देवापाशी बसून राहिलीस. मला अजून राग येतो गं. कुणाचा, ते कळत नाही. एवढं कशाला करायचं माणसानं?

पुढे तू आल्यागेल्याला सांगायचीस, “आमच्या पोरीचा दमा पार मुळासकट गेला.” मी शेजारी उभी राहून हौ म्हणायचे.

गेला नव्हता, आई. कॉलेजात असताना डॉक्टरांनी पंप दिला. तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी न्हाणीघरात नळ सोडून तो ओढायचे. तू गेलीस ती दमा गेला असं समजूनच.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ठाऊक आहे. मघाशी लिहिताना धाप लागली. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तरी पंप घेऊन न्हाणीघरात गेले आणि आधी नळ सोडला.