शोधणाऱ्याला सापडेल असं नाव

माय, परवा मी मोबाइलवरचं माझं नाव बदललं. तुझ्या वेळी हे असलं काही नव्हतं, म्हणून आधी समजावून सांगते. मोबाइलमध्ये एक ॲप असतं. त्यात जो तो आपला फोटो लावतो, खाली नाव लिहितो, आणि ओळखीचे लोक त्या नावावरून आपल्याला शोधून काढतात. माझं खातं पोरानं उघडून दिलं होतं, पुण्याला नोकरीला जायच्या आधी. मी लातूरच्या घरी काळं तिखट आणि आमटीला लावायचं येसर करून विकते, त्याचे फोटो आणि माझा फोन नंबर टाकायला बरं पडेल म्हणाला. नाव त्यानंच घातलं, प्रीती, आणि पुढं त्याच्या बापाचं आडनाव. माझं दुसरं काही नाव होतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. परवा मी ते पुसलं आणि तिथं प्रयाग लिहिलं, पुढं अण्णांचं आडनाव. कुणाला विचारून नाही, सांगून केलं.

तुला हे आवडलं नसतं. पण प्रयाग हे नाव तूच तर ठेवलंस. बारशाच्या दिवशी आत्यानं संगीता ठरवून आणलं होतं, कारण तेव्हा घरोघरी संगीता होत्या, आणि तू ओली बाळंतीण उठून बसलीस आणि म्हणालीस, माझ्या आईचं नाव ठेवायचं, प्रयाग. ही गोष्ट तू मला कितीदा सांगितलीस. सांगताना तुझी मान ताठ व्हायची. मग माझं लग्न झालं. लातूरला सासरी पाटावर बसवून ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं त्यावर प्रीती लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, प्रयाग म्हातारीचं नाव वाटतं, शहरात चालत न्हाई. बायका हसल्या, मीही हसले. तू तिथं नव्हतीस. मला वाटलं होतं, माहेरी गेल्यावर तू हे ऐकशील आणि परत एकदा तशीच ताठ बसशील.

पंचमीला मी पहिल्यांदा घरी आले तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. तू चुलीपुढं बसली आहेस, परातीत भाकरी थापते आहेस, मी शेजारी शेंगा फोडते आहे. अण्णा ओसरीवरून हाक मारतात, "प्रयाग, पाणी आण गं." मी उठते. तू हात तसाच थांबवतेस.

"बस खाली. तिचं नाव आता पिर्ती हाय."

मी म्हणते, "माय, घरात तरी राहू दे की."

"घरात म्हटलं की तोंडाला सवय राहती. उद्या पाव्हण्यांसमोर निघालं तर ऐकून कुणाला घ्यावं लागंल? तुला. त्या नावाला आता ओ देऊ नको."

भाकरी तव्यावर पडते, तू तिच्यावर पाणी फिरवतेस आणि विषय संपतो. त्या दिवसापासून तू अण्णांना, दादाला, शेजारणींना, सगळ्यांना वळण लावलंस. प्रीती तुला कधी नीट म्हणता आलं नाही, पिर्तीच म्हणायचीस, पण प्रयाग म्हणून पुन्हा हाक मारली नाहीस. नांदेडच्या दवाखान्यात शेवटचे दिवस मी तुझ्या उशाशी होते. तुझी शुद्ध जात होती, येत होती. तू दादाला त्याच्या लहानपणीच्या नावानं हाक मारायचीस, गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा हाक मारलीस. मला म्हणालीस, "पिर्ती, घरी जा, पोरगं वाट बघंल." मी गेले नाही. तू एकदा तरी चुकशील म्हणून बसून राहिले होते.

इतकी वर्षं मी हे कुणाला बोलले नाही आणि बोलण्यासारखं मोठं दुःखही नव्हतं ते. संसार बरा चालला. हे बोअरच्या जळालेल्या सबमर्सिबल मोटारींत नवी तार भरून देतात, दुकानाला नाव आहे. मीही प्रीतीच झाले होते. मग मागच्या आठवड्यात दादाच्या मुलीचा साखरपुडा झाला, नांदेडला. तिच्या नर्सिंगच्या वर्गातल्या पोरी आल्या होत्या. त्यातली एक किनवटची, उंच, सावळी. तिला पाणी देताना पुतणीनं ओळख करून दिली, या लातूरच्या प्रीती आत्या. पोरगी म्हणाली, "आत्या, तुमचं माहेर अहमदपूरकडचं ना? पत्रिकेवर गावाचं नाव वाचलं आणि तेव्हापासून विचारीन म्हणते. तुमच्या गावात प्रयाग म्हणून एक होती, माझ्या मम्मीची मैत्रीण. तिला कुठं दिली, ठाऊक हाय का तुम्हाला?"

तुला आठवतात ना माय, आपल्या शाळेत बदलून आलेले मास्तर? मागच्या आळीत राहायचे. त्यांची मुलगी आणि मी अहमदपूरच्या शाळेला एकाच एसटीनं जायचो. तिला आंबट वरण आवडायचं म्हणून तू तिच्यासाठी वाटी बाजूला काढून ठेवायचीस. मग मास्तरांची बदली किनवटला झाली. काही दिवस पत्रं आली, गेली. तिचं लग्न झालं, माझं झालं, आणि ते तिथंच थांबलं. ही पोरगी तिची होती. नाक तिचंच होतं, मला आधी कळायला पाहिजे होतं.

"मीच ती," मी म्हणाले.

तिला खरं वाटेना. "पण तुमचं नाव तर..." असं म्हणत ती माझ्या डोळ्यांकडं नाही, डाव्या भुवईकडं बघायला लागली. झोका तुटून पडले होते त्याचा व्रण तिथं आहे. तिनं तो बघितला आणि हातातला ग्लास खाली ठेवला.

मी विचारलं, "मम्मी कशी हाय?"

"मम्मी गेली आत्या. मागच्या उन्हाळ्यात."

आम्ही दोघी मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून बसलो. आजारपण लांबलं होतं, असं ती सांगत होती. मम्मीला उठवत नव्हतं तेव्हा मोबाइल हातात असायचा. प्रयाग टाकायची, अहमदपूर टाकायची, आणि येतील त्या बायकांचे फोटो बोटांनी मोठे करून भुवया बघायची. नसली की म्हणायची, ही न्हाई, पुढची बघ. पोरगी कामात असली तरी बोलावून घ्यायची, तू शोध, तुला जमतं. मी विचारलं, तिला काही सांगायचं होतं का मला? पोरगी जरा विचार करून म्हणाली, "न्हाई. मीपण विचारलं होतं. म्हणायची, नुसतं बोलायचं हाय."

माय, त्याच उन्हाळ्यात मी त्याच ॲपवर तिखटाचे फोटो टाकत होते. मिरच्या भाजताना माझा फोटो पोरानं काढला होता, भुवई अगदी स्वच्छ दिसते त्यात. ती किनवटला पडल्या पडल्या बघत होती आणि मी तिच्यासमोर आलेच नाही, कारण मी प्रयाग नव्हते.

परत येताना एसटी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली. लोक चहाला उतरले. मी खिडकीशी बसून राहिले आणि तिथंच ठरवलं. रडू आलं नाही, उलट डोकं एकदम निवळलं होतं. ती गेली, तिला आता मी सापडणार नाही. पण आणखी कुणी शोधत असलं तर त्याला सापडायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कागदोपत्री?"

"न्हाई, मोबाइलवर. कागदाचं नंतर बघू."

"नाव बदल, पण आडनाव तरी राहू दे. लोकांना वाटंल सोडचिठ्ठी झाली."

"तुम्ही माझ्यासमोर बसून जेवता, हे लोकांना सांगा."

हे हसले. हे वाईट माणूस नाहीत माय, तुला ठाऊकच आहे. थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या मायनंच तर सगळ्यांना नवीन नावाची सवय लावली. आम्ही कुठं माहेरी येऊन सांगितलं होतं?"

ते मला लागलं, कारण खरं होतं. सासूबाई आतून ऐकत होत्या. आता त्यांना दिसतं कमी, पण ऐकायला सगळं येतं. त्यांनी मला बोलावून घेतलं. "मी ठेवलेल्या नावात काय वाईट होतं गं?"

"वाईट काही न्हाई, आत्याबाई. घरात तुम्ही तेच म्हणा, मी ओ देईन. पण हे माझ्या मायनं ठेवलेलं हाय, ते मला परत पायजे."

"विटली असशील आता आमच्या नावाला," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. मी त्यांचे पाय चेपले, जेवायला वाढलं, पण शब्द मागं घेतला नाही.

ह्यांचं बोलणं मात्र डोक्यातून जाईना. मी बिलोलीला मामाला फोन लावला. मामा आता फार थकला आहे, आवाज तेवढा खणखणीत आहे. मी विचारलं, "मामा, माय मला प्रयाग का म्हणू देत नव्हती?" मामानं उलट मलाच विचारलं, "तुझ्या मायचं आमच्या घरचं नाव काय होतं, ठाऊक हाय का तुला?"

मी म्हणाले, "सरस्वती."

"ते तुमच्या घरचं. आमची तुळसा. तिच्या चुलत सासूचं नाव तुळसा होतं, थोरलीचं नाव सुनेला चालत न्हाई म्हणून सासरी बदललं. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिला आणायला गेलो, लहान होतो, ओसरीवर पाव्हणे बसलेले, आणि मी मोठ्यानं हाक मारली, तुळसाक्का. त्या हाकेपायी तिला लई सोसावं लागलं. चार वर्सं माहेरी धाडली न्हाई तिला. तवापासून मीपण कधी म्हटलं न्हाई."

फोन ठेवून मी ओट्याशी उभी राहिले. तुझा त्या दिवशी थांबलेला हात मला आता कळला. तू माझं नाव काढून घेत नव्हतीस, मला चार वर्षं वाट बघायला लागू नये एवढंच बघत होतीस. माय, हे तू मला सांगितलं असतंस तर मी त्या नावाला जास्त सांभाळलं असतं. पण ज्या घराला तू भ्यालीस, तसं माझं घर नाही. माझ्या सासूबाई भिंतीकडं तोंड करतात, तेवढंच. तेवढं मी झेलू शकते. म्हणून तुझी भीती समजूनही मी नाव बदललं, आणि तू समोर असतीस तरी बदललं असतं.

परवा दुपारी मी बसले आणि सेटिंगमध्ये गेले. पोराला फोन करून विचारलं नाही, माझी मीच सापडवली जागा. आधी पासवर्ड मागितला. मग ॲपनं विचारलं की हे नाव आता बरेच दिवस परत बदलता येणार नाही, चालेल का. मी चालेल म्हणून बोट दाबलं. संध्याकाळी नणंदेचा फोन आला, "वहिनी, दादासंग काही झालं का?" मी सांगितलं, तुमचे दादा दुकानात मोटार भरून राहिलेत, सगळं बरं हाय. पोरानं विचारलं, मम्मी, तुझं अकाउंट कुणी हॅक केलंय का. त्याला म्हटलं, दिवाळीला ये, सांगते. आणि काल रात्री जेवताना सासूबाई आपणहून बोलल्या. मीठ कमी पडलंय म्हणाल्या.

हे कुठं टाकायचं नाही, तुझ्यासाठी लिहून ठेवते आहे. एक गोष्ट तेवढी कुणाला सांगितलेली नाही, ती तुला सांगते. आज सकाळी मी मिरच्यांची देठं काढत होते आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज होता, जरा घोगरा, आपल्याकडचा. तिनं विचारलं, "प्रयाग हाय का?" आणि मी, इतकं सगळं करून बसलेली मी, म्हणाले, "न्हाई, राँग नंबर," आणि फोन ठेवून दिला. देठं काढत राहिले. चांगल्या मूठभर मिरच्या झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. मग हात धुऊन मीच तो नंबर लावला, आणि ती उचलेपर्यंत तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होते, मी प्रयाग बोलते आहे.