धाकटा येऊन गेला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा नाटकातल्या पात्रांचे फोटो काढणे, आज स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तपासून वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावले आणि मी तीसपर्यंत पोचल्यावर त्यांनीच पुरे म्हटले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. याआधीचे मृत्युपत्र मी फाडून टाकले, कारण त्यात घराबद्दल सगळे होते आणि घरातल्या माणसाबद्दल काहीच नव्हते.

१. या इमारतीचा दुसरा मजला, म्हणजे पुढची स्टुडिओची खोली, मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या एकटीच्या मालकीचा आहे. तो माझ्या पश्चात माझ्या भाचीला, थोरल्या बहिणीच्या मुलीला, मिळावा. अटी दोनच. माझे यजमान हयात आहेत तोवर त्यांना इथून कोणी हलवू नये, आणि भाचीने कलम पाच पाळावे. भाची गणिताची शिक्षिका आहे. पाचवे कलम तिला जड जाणार हे मला ठाऊक आहे, म्हणून तिथे जरा लांबच्या वाटेने जाते.

२. माझे दोन्ही मोठे दिवे नाट्यगृहातल्या दिवेवाल्याला द्यावेत. त्याने बावीस वर्षे माझ्या प्रत्येक फोटोत कोणाच्या ना कोणाच्या नाकावर लाल उजेड पाडला. आता घरी बसून स्वतःच्या नाकावर पाडावा. दिग्दर्शकाला काहीही देऊ नये. बाईंना फोटो काढायला बोलावले होते, उलटतपासणी घ्यायला नव्हे, असे तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. ते वाक्य मला फार आवडले होते, पण त्याला ते कळू देऊ नये.

३. एकेचाळीस वह्या. नट वेशभूषा करून, रंग लावून आला की फोटोआधी मी एकच विचारायची: पडदा उघडण्याआधी तुम्ही कुठे होतात? नट म्हणून नव्हे, पात्र म्हणून. नाटककाराने लिहिलेले नको, त्यालाही माहीत नसलेले हवे. उत्तर मिळेपर्यंत फोटो नाही. एका राजाने सांगितले की तो लहानपणी बदकांना घाबरायचा आणि अजूनही तळ्याकडे पाठ करून बसतो. तिसऱ्या अंकात खून करणाऱ्याचे अक्षर वर्गात सर्वांत सुंदर होते. एका मोलकरणीला नाटकात दोनच वाक्ये होती. ती माझ्यासमोर पाऊण तास बोलली आणि शेवटी स्वतःच्याच माहेराचा पत्ता विसरली. दुपारी पांढऱ्या पडद्यावरून उजेड हळूहळू सरकत असे आणि माणसे कधीच न घडलेल्या गोष्टी आठवत बसत. ऐकता ऐकता मलाही त्या घरांची दारे दिसू लागत, आणि मी तंद्रीतच बटण दाबत असे. या वह्या नाट्यगृहाच्या प्रॉम्प्टरला द्याव्यात. जन्मभर त्याने लोकांना पुढचे सांगितले, आता मागचे वाचावे. फक्त सातवी वही घरातच राहावी.

४. सातव्या वहीत माझ्या यजमानांचे पान आहे. तेव्हा ते यजमान नव्हते. खाकी कपडे घालून, मिशा चिकटवून आलेले पोस्टमन होते, नाटकात एकदाच दार वाजवणारे. मी विचारले. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "मला एक धाकटा भाऊ होता. दगडाच्या खाणीत पाणी साठायचं, तिथे तो पोहायला उतरला. मी काठावर त्याचे कपडे सांभाळत बसलो होतो. अजून कोणाची वस्तू हातात आली, की ज्याची त्याला पोचवल्याशिवाय मला चैन पडत नाही."

मला रडू कोसळले. तोवर इतक्या पात्रांची दुःखे लिहून घेतली होती, कधी डोळे ओले झाले नव्हते. हेच तेवढे खरे आहे असे मला का वाटले, ते आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते मिशा काढून आले. त्या भावाबद्दल थोडे बोलायचे आहे म्हणाले. दुखऱ्या जागेवर बोट नको म्हणून मी त्यांना बोलूच दिले नाही, चहा पुढे केला. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी त्यांनी लग्नाचे विचारले. आज कळते की आधीच्या तिन्ही वेळा ते कबुली द्यायला आले होते.

नाटकापायी त्यांनी तरुणपणीच घर सोडले होते, घरच्या माणसांशी येणेजाणे नव्हते. लग्नाच्या अकराव्या वर्षी नणंद पहिल्यांदा आमच्याकडे आली. धाकट्याचा एखादा फोटो असेल का, असे मी तिला स्वयंपाकघरात हळूच विचारले. "कोण धाकटा? आमच्यात सगळ्यांत धाकटा हाच. शेंडेफळ म्हणून तर डोक्यावर चढला."

फसल्याचा राग होता, आणि नसलेल्या माणसासाठी अकरा वर्षे रडल्याची लाज त्याहून जास्त. पुढे वर्षभर मी त्यांचा प्रत्येक फोटो मुद्दाम किंचित हलवला. त्या वर्षी त्यांना एकही चांगले काम मिळाले नाही. ते पाप माझे आहे आणि इथे मी ते कबूल करते.

मग एका दुपारी स्टुडिओचे पडदे धुऊन वाळत घातले होते. त्यांच्यामध्ये उभे राहून हे म्हणाले, धाकट्याला ओल्या कापडाचा वास आवडायचा. मी भांडायलाच तोंड उघडले, आणि बाहेर भलताच प्रश्न पडला: आज असता तर काय करत असता? पडदे वाळेपर्यंत ते सांगत राहिले. त्या दिवसापासून धाकटा मोठा होऊ लागला. त्याने दोन नोकऱ्या सोडल्या, गलबतांवर रंग मारायचे काम धरले, लग्नाचे नाव काढले की उठून जायचा. मला सगळे कळले आहे हे यांना कळले होते का, ते मी कधी विचारले नाही. आम्हाला मूल झाले नाही. धाकटा झाला. मी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली.

५. आता यजमान विसरू लागले आहेत. नाटके गेली, रस्ते गेले, माझे नावही येऊन जाऊन असते. खाणीतले पाणीसुद्धा ते विसरले. धाकटा तेवढा राहिला, आणि त्यांच्या लेखी तो जिवंत आहे. दुपारी खिडकीशी बसून विचारतात, "धाकटा आला का?" मी सांगते, "येऊन गेला. तुम्हाला झोप लागली होती. उठवू नका वहिनी, म्हणाला." मग ते समाधानाने चहा घेतात.

मागे एकदा मी दात दाखवायला गेले असताना भाचीने त्यांना खरे सांगितले, की काका, तुम्हाला भाऊ नव्हताच. तिच्या मनात वाईट काही नव्हते. चुकलेले उत्तर तिला बघवत नाही, एवढेच. मी परतले तेव्हा ते एक सदरा घडी करून मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, "हा आता कोणाला द्यायचा?" दोन दिवस ते जेवले नाहीत.

म्हणून ही अट. पोरी, ते विचारतील तेव्हा येऊन गेला म्हण. नुसते तेवढ्यावर भागवू नकोस. काय घातले होते, काय बोलला, तेही सांग. तुला खोटे जमत नाही हे मी जाणते. पण हा माणूस चव्वेचाळीस वर्षे या घरात राहिला आहे, त्याच्यासाठी मी ताट झाकून ठेवले आहे. मी गेल्यावर तुझ्या काकांना दुसरे कोणी नाही. त्यांना एकटे पाडू नकोस.

६. माझा एकच फोटो खिडकीशेजारी लावावा. काही दिवसांनी ते विचारतील, ही कोण? मी गेले असे सांगू नये. ही तुमची बायको, असेही सांगू नये. त्यांनाच विचारावे, ही इथे येण्याआधी कुठे होती? आणि मग गप्प बसावे, घाई करू नये. कोरी बेचाळिसावी वही मी आणून ठेवली आहे. ते सांगतील ते तारीख घालून तीत लिहावे. मी शाळेत घंटा वाजवायची असे ते म्हणाले, धाकट्याची आई होते म्हणाले, या घरात मी कधी पाऊलच टाकले नाही म्हणाले, तरी दुरुस्त करू नये. ते जे म्हणतील ते मी होते. त्याला माझी संमती आहे.

लिहून ठेवणार: (सही) फोटोवाली

आम्ही दोघांनी एकमेकांसमक्ष व बाईंसमक्ष सही केली. बाईंनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले, मधे एकदा पाणी प्यायल्या.
साक्षीदार: (सही) डॉक्टर, पहिला मजला
साक्षीदार: (सही) नाट्यगृहाचे रंगभूषाकार

ठिकाण: स्टुडिओ, दुसरा मजला
तारीख: बारा मार्च, दुपारी चार