बालदम्याचा दाखला

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
शनिवार, २१ ऑगस्ट २०२१

चि. अक्षदा हिला बाबाचे पुष्कळ आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. आईची पाठ दुखते पण ती सांगत नाही, म्हणून बरी आहे असं मी धरून चालतो. समोरच्या बिल्डिंगला रंग दिला, तोही असा पोपटी की सकाळी खिडकी उघडवत नाही. कंपनीत जेवताना एका टेबलावर एकानेच बसायचं असा नियम आहे, त्यामुळे बावीस वर्षांत पहिल्यांदा माझी भाजी माझ्याच वाट्याला येते. या साथीने माझं केलेलं भलं ते एवढंच.

तू म्हणशील, रोज संध्याकाळी सातला फोन होतो, मग पत्र कशाला? गेले नऊ दिवस मी फोनवर तुला एक गोष्ट सांगायचं ठरवतोय. तू ‘बाबा’ म्हणतेस आणि माझ्या तोंडातून ‘जेवलीस का’ एवढंच बाहेर पडतं. कागद तरी मध्ये ‘बाबा’ म्हणत नाही.

सोमवारी अकरा वाजता तिकडे गोव्यात तुमच्या फुटबॉल क्लबमध्ये तुझी चौकशी आहे. तुमच्या मॅनेजर जिज्ञासा मॅडमनी तुझ्या नावाने दम्याचा खोटा दाखला बनवला, असं तू सगळ्या मुलींसमोर म्हणालीस. आता ते सिद्ध कर, नाहीतर लेखी माफी माग, नाहीतर सामान बांध, असं क्लबचं म्हणणं. आणि मंगळवारी संध्याकाळी देशाच्या संघाच्या शिबिराची यादी बंद होणार. सतरा वर्षांच्या पोरीवर दोन दिवसांत एवढं सगळं आलंय आणि तू काल मला म्हणालीस, “बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी खरं बोलतेय.”

त्या दाखल्याबद्दलच लिहायचंय. पण मला जरा आडवळणाने येऊ दे. सरळ आलो तर पहिल्याच वळणावरून परत फिरेन.

तुला आपली गणपतीची गंमत आठवते ना? दर वर्षी मी दहा दिवसांची रजा मागायचो, कंपनी तीन द्यायची, आणि मग मी कॅम्प चारमधल्या आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जायचो. ते विचारायचे, “हेमंतभाई, इस बार क्या लिखूं? टायफॉइड पिछले साल हो गया.” मग कावीळ. मग मणका. तू पाच वर्षांची असताना कणकवलीच्या गाडीत बसल्यावर मोठ्याने विचारलं होतंस, “बाबा, या वर्षी तुम्हाला काय झालंय?” अख्खा डबा हसला होता. परत कामावर गेलो की आमचे सुपरवायझर कोंडाजी माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचे, “काविळीने रंग चांगला उजळला रे तुझा. मोदक आनलेस का?” कागद फाइलला लागायचा आणि त्याचं आयुष्य तिथे संपायचं. दाखला म्हणजे असाच असतो, अशी माझी बावीस वर्षांची समजूत. आता पुढचं वाच.

एप्रिलमध्ये मी अकरा दिवस कोविड सेंटरला होतो, तेव्हा फोनवर तुला सांगायचो की रोज अंडं मिळतं आणि पंखा डोक्यावरच आहे. दोन्ही खरं होतं. शेजारच्या खाटेबद्दल मात्र मी तुला काही बोललो नाही, आईलाही नाही.

त्या खाटेवर सुजित होता. वांगणीकडच्या एका वाडीतला, वय चोवीस, कबड्डी खेळायचा. मांड्या अशा की खाट लहान वाटायची. पालथं झोपायचं कसं ते मला त्यानेच शिकवलं. मी त्याला तुझ्या मॅचचा व्हिडिओ दाखवला, तू उजव्या बाजूने बॉल घेऊन पळतेस तो. त्याने तीनदा बघितला. मी कौतुकाची वाट बघत होतो. तर म्हणतो, “पोरगी धावते भारी काका, पन मान खाली घालून. कोन मोकला हाय ते बघनार कवा? सांगा तिला, मान वर ठेव.” मी म्हटलं, बरा होऊन ये घरी आणि तूच सांग.

पाचव्या दिवशी सकाळी तो दात घासून आला आणि बसला तो उठलाच नाही. त्याला आत नेलं. दुपारी त्याच्या खाटेवरची चादर बदलली आणि चारच्या सुमारास तिथे दुसरा माणूस आला.

माझं वय बावन्न. फुफ्फुसं बावीस वर्षं केमिकलच्या वासात मुरलेली. मी चालत घरी आलो. माझ्या चपला गडबडीत कुठे गेल्या कोण जाणे, खाटेखाली होत्या त्या निळ्या चपला घालून आलो. आईने विचारलं, “एवढ्या मोठ्या कुणाच्या?” मी म्हटलं, सेंटरवर वाटल्या. त्या अजून माझ्या पायात आहेत. वांगणीला जाऊन त्याच्या घरी द्यायला पाहिजेत. चार महिने झाले, मला तिकडे जायचं धैर्य होत नाही.

तीस जुलैला तुझा फोन आला की देशाच्या शिबिरात बोलावलंय. आई देवापुढे साखर ठेवायला धावली. मी ‘वा वा’ म्हटलं, बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि बादलीच्या शेजारी बसून राहिलो. तू तिकडून सांगत होतीस, आधी शिबिर, मग परदेशात सामने, आणि मला ऐकू येत होतं विमान, हॉटेल, पुन्हा विमान. तुझ्याही मांड्या आता तशाच झाल्यात गं. लोकांना त्यात खेळाडू दिसतो. मला खाट दिसते.

दोन दिवसांनी जिज्ञासा मॅडमचा फोन. एरवी देशाने बोलावलं की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो, पण साथीमुळे नियम सैल झालाय, असं त्यांनी मला समजावलं. परत आल्यावर तुला दहा दिवस वेगळं ठेवावं लागणार, म्हणजे लीगचे पहिले तीन सामने गेले. क्लबला तुला सोडायचं नव्हतं. पण क्लबने देशाला नाही म्हटलं तर पेपरात नाव खराब होतं. म्हणाल्या, “अंकल, अक्षदा अठरा की नहीं है, आपकी साइन लगेगी. आप मना कर दो, तो सबके लिए इजी हो जाएगा.”

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. तुला अडवायला कुणीतरी दुसरं तयार होतं.

पण मी सही नाकारली असती तर ते तुला कळलं असतं. तू मला काय म्हणाली असतीस, त्याचीही मला भीती. म्हणून मी माझ्या ओळखीच्या वाटेने गेलो. कॅम्प चार. डॉक्टरांना म्हटलं, पोरगी तीन वर्षांची असताना तुम्हीच तिला एकदा वाफ दिली होती, आठवतं? त्यांनी चष्मा वर केला. “इस बार बेटी का?” आणि लिहून दिलं, बालदमा, प्रवास टाळावा.

दाखला मी दिला, अक्षू. क्लबने काही बनवलेलं नाही. जिज्ञासा मॅडमनी तो मागितलाही नव्हता. फोटो काढून मी पाठवला आणि खाली लिहिलं, अक्षदाला माझं नाव सांगू नका. त्यांनी ‘ओके अंकल’ लिहिलं. मला वाटलं, कागद फाइलला लागेल, शिबिरवाले ‘पुढच्या वेळी’ म्हणतील, तू आठवडाभर रडशील आणि जिवंत राहशील.

तुमच्या खेळात कागद फाइलला लागून मरत नाही, हे मला कुठे माहीत! तो शिबिरात गेला, तिथून तुमच्या क्लबच्या डॉक्टरकडे आला, आणि दमा लपवला म्हणून त्यांनी तुझा सरावच बंद केला. बारा तारखेला तू फोन केलास. एवढी रडत होतीस की शब्द कळत नव्हते. “बाबा, यांनी माझ्या नावाने खोटं सर्टिफिकेट बनवलंय! तुम्ही सांगा ना यांना, मला कधी दमा होता का? मी फोन मॅडमना देते, तुम्ही बोला!”

मी म्हटलं, “आवाज येत नाही गं, रेंज जातेय,” आणि फोन कट केला. रेंज चांगली होती. मी गॅलरीत उभा होतो.

त्यानंतर तू मॅडमना खोटारड्या म्हणालीस. त्यांनाही तू क्लबमध्येच हवी होतीस, त्या काही फार सरळ आहेत असं नाही. तरी तू सगळ्यांसमोर बोललीस तेव्हा त्या गप्प राहिल्या. मला दिलेला शब्द त्यांनी पाळला. मी काय केलं, तर रोज सातला तुला ‘जेवलीस का’ विचारलं.

गुरुवारी आई आधार कार्ड शोधत होती. तिला फाइलमध्ये दाखल्याची झेरॉक्स सापडली. मी कामावरून आलो तर ती कागद मांडीवर घेऊन बसलेली. मला वाटलं ओरडेल. हळूच म्हणाली, “आजवर कंपनीला आजार सांगितलेत, मी हसले. माझ्या धडधाकट पोरीला आजार लावलात तुम्ही?” मग मी तिला सुजितबद्दल सांगितलं. तिने सगळं ऐकलं, चपलांकडे बघितलं, माझ्यासाठी पाणी आणलं आणि म्हणाली, “भीती वाटली तर मला सांगायचं होतं. तिच्या नावावर का लिहिलीत?”

काल सकाळी डॉक्टरांकडे गेलो. दाखला मागे घ्या म्हटलं. ते घाबरले. “हेमंतभाई, लिखा हुआ वापस नहीं होता. मेरा लाइसेंस जाएगा.” त्यांचंही खरं. म्हणून मीच लिहिलं. मी हेमंत, अक्षदाचा बाप, असं लिहून देतो की माझ्या मुलीला दमा नाही आणि कधी नव्हता, मी डॉक्टरांना खोटी माहिती देऊन दाखला घेतला, आणि यातलं मुलीला काहीही ठाऊक नव्हतं. एक प्रत क्लबला, एक शिबिराला. बाकी तुझी छाती क्लबचे डॉक्टर तपासतीलच, त्याची मला काळजी नाही.

दुपारी आनंदनगरला कंपनीत जाऊन रजेचा अर्ज भरला. ‘कारण’ लिहिलं: मुलीबद्दल दिलेला खोटा दाखला मागे घेण्यासाठी गोव्याला जाणे. कोंडाजींनी दोनदा वाचला. “ह्ये काय लिवलंस? ह्ये कारन फॉर्मात बसत नाय. टायफॉइड लिव, आत्ता सही करतो.” मी म्हटलं, नाही, हेच राहू दे. मग त्यांनी बिनपगारी लिहून सही केली आणि हळू आवाजात विचारलं, “पोरीचं नाव लागंल ना परत यादीत?” मला माहीत नाही, असं मी सांगितलं.

गोव्याच्या हद्दीवर टेस्टचा रिपोर्ट लागतो. आज नाकात कांडी घालून घेतली. एप्रिलनंतर पहिल्यांदाच. खुर्चीवर बसलो आणि दोनदा उठलो, मग तिथल्या नर्सने खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळी निगेटिव्ह आला. माझ्या नावावरचा एक तरी दाखला खरा आहे.

उद्या दुपारच्या बसने कल्याणहून निघतोय. सोमवारी सकाळी साडेदहाच्या आत तुमच्या गेटवर असेन. बाहेरच्यांना आत घेत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून हे पाकीट वॉचमनकडे देईन. त्यात क्लबची प्रत आहे. दुसरी शिबिराला आजच कुरियरने गेली. आणि खाली घडी करून ठेवलंय ते तुझं शिबिराचं संमतीपत्र आहे. त्याच्यावर सही आहे. वाकडी आलीय, पण माझीच आहे. दोन कागद त्यापायी फाडले.

तू जाऊ नयेस असं मला अजूनही वाटतं. आज, आत्ता, हे लिहितानाही वाटतं. तू विमानात बसलीस की उतरेपर्यंत मी काय करणार आहे, मला माहीत नाही. आईने सांगितलंय, तेव्हा तिच्याजवळ बसायचं आणि बोलायचं. तसं करून बघेन.

माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. मॅडमची मात्र माफी माग, मी मागणार आहेच. मला भेटायला बाहेर आली नाहीस तरी मी चौकशी संपेपर्यंत गेटसमोर उभा असेन. येताना त्या निळ्या चपलाच घालून येतोय, आणि परतल्यावर आधी वांगणीला जाऊन त्या देणार आहे.

सुजितचा निरोप चार महिने माझ्याकडे पडून राहिला होता, तो आता देतो. सोमवारी त्या खोलीत जाताना मान वर ठेव. तुला जे ठाऊक होतं तेवढंच तू बोललीस. खोटं त्या खोलीच्या बाहेर, गेटसमोर उभं आहे.

तुझा भित्रा बाबा,
हेमंत