जिभेवर विजय

रविवार, २ जून

घ्या! पाळकसाहेबांनी नवीन काढलंय. या महिन्यात प्रत्येकाने ख्रिस्ताच्या बळावर एका तरी पापावर विजय मिळवायचा आणि शेवटच्या रविवारी मंडळीसमोर साक्ष द्यायची.

धाकट्या भावाला काय चिंता? त्याच्याकडे दारू आहे – म्हणजे होती. गेल्या वर्षी सोडली. तो साक्षीला उभा राहिला की पुढच्या बाकावरचे रुमाल आधीच बाहेर! मी आयुष्यात चहापलीकडे काही प्यालो नाही, त्याचं कुणाला कौतुक?

बायकोला विचारलं, माझं पाप कुठलं? क्षणभरही थांबली नाही. "जीभ!"

मंगळवार, ४ जून

धाकटा आज पुन्हा दुकानात. दिवसाचं रंगकाम आटोपलं की रोज येतो, स्टुलावर बसतो आणि दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशीनचं चाक उगाच फिरवतो. म्हटलं, "या विजयवीर! रंग भिंतीला लावता की स्वतःला?" हसतो कोडगा! शटर ओढेपर्यंत हलत नाही. मला काय कामधंदा नाही?

बुधवार, ५ जून

पाळकसाहेब त्यांच्या बायकोचं मशीन घेऊन आले. दोरा तोडतंय. म्हटलं, "ताण जास्त झालाय, तुमच्या प्रवचनासारखा." निघून गेलं तोंडातून! ते हसले आणि म्हणाले, "मग, जिभेचं काय ठरवलंत?" म्हणजे बायकोने वर्दी पोचवलीय.

ठीक आहे. आजपासून गोड बोलणार. बघाच!

शनिवार, ८ जून

जमतंय! एक बाई मशीनमध्ये चक्क खायचं तेल ओतून आल्या. सगळं चिकटून बसलंय. मी म्हटलं, "होतं असं." आणि पुसायला फडकं घेतलं.

धाकटा आला. म्हटलं, "ये, बस. दमला असशील. देव तुझं भलं करो." तो दचकलाच. "दादा, बरं आहे ना तुला?" मी म्हटलं, "उत्तम! तुझी प्रगती बघून आनंद वाटतो." स्टुलावरून उठला आणि निघून गेला. विजयाचा पहिला फायदा – दुकानात शांतता.

शुक्रवार, १४ जून

धाकटा तेव्हापासून फिरकला नाही. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. साक्ष तयार आहे. वाचून माझेच डोळे पाणावले, इतकी उत्तम!

रविवार, १६ जून

धाकटा उपासनेला नव्हता. त्याच्यासोबत काम करणारा सुतार हळूच म्हणाला, "काल बारच्या पायरीवर बसला होता."

त्याच्या खोलीवर गेलो. दार उघडताच वास आला. वर्षभराचं सगळं पाण्यात! काय काय ऐकवायचं ते वाटेत घोळवलं होतं. पण विजय ना माझा? गिळलं. म्हटलं, "काळजी करू नकोस, बाळा. प्रभू क्षमा करतो."

त्याने तोंडावर दार लावलं.

मागच्या वेळी दवाखान्यातून कसाबसा परत आला होता. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, पुन्हा प्याला तर लिव्हर साथ देणार नाही. भीती वाटतेय. एकच तर भाऊ आहे मला.

सोमवार, १७ जून

दोनदा गेलो. दार उघडलं नाही. प्रार्थनेला बसलो, पण "प्रभू" याच्या पुढे शब्द फुटेना. जीभ जिंकली म्हणे!

मंगळवार, १८ जून

आला! दुकानाच्या दारातच उभा राहिला. दाढी वाढलेली, कपडे मळलेले.

"दादा, प्यावंसं वाटलं की मी इथे यायचो. तू टोमणे मारायचास, मी हसायचो. तेवढ्यात ती वेळ टळून जायची. प्रभूने मला तुझ्याच दुकानात बसवून वाचवलं, असं मी समजायचो. आणि तू एकदम गोड बोलायला लागलास. दादा, तू फक्त मेलेल्या माणसांबद्दल चांगलं बोलतोस! वाटलं, आपण संपलो."

मी स्टूल पुढे ओढलं. म्हटलं, "या विजयवीर. किती दिवस आंघोळ नाही? स्टूल धुवावं लागेल आता."

तो हसला. मग रडायला लागला. मीही रडलो, काय लपवायचं! उद्या त्याला डॉक्टरांकडे नेणार आहे.

रविवार, ३० जून

माझं नाव पुकारलं. उभा राहिलो. म्हटलं, "जिभेपुढे साफ हरलो. प्रभूचे उपकार!" मंडळी एकमेकांकडे बघू लागली. शेजारून धाकटा सगळ्यांत मोठ्याने म्हणाला, "आमेन!"