दहावी 'ब'ची आवर्तसारणी

शनिवार पेठ, पुणे

तीर्थरूप शरच्चंद्रमामा यांस,
भाचा श्रीधरचा साष्टांग नमस्कार. धायरीच्या नव्या घरात आपला गुडघा आणि मामींचा जिना यांचं जमलं असावं. (फोन केला असता, पण फोनवर आपण माझी वाक्यं मध्येच दुरुस्त करता.) दहावीला आपण मला रसायनशास्त्र शिकवलंत आणि त्यानंतर नात्यात कुणालाही शिकवायचं नाही, असं ठरवलंत. त्याच श्रीधरचं आता शाळेत नाव झालं आहे.

माझ्या वर्गात मुलं छत्तीस आणि क्रिप्टॉनपर्यंत मूलद्रव्यंही छत्तीस! मैदानावर फक्कीने चौकोन आखले आणि एकेकाला एकेका मूलद्रव्याच्या जागी उभं केलं. सर्वांत बडबडी चार मुलं शेवटच्या उभ्या ओळीत, राजवायू म्हणून. राजवायू सहसा कुणात मिसळत नाहीत, त्यामुळे तोंड बंद. (शिक्षकीच्या दहा वर्षांत प्रथमच शांतता लाभली.) इलेक्ट्रॉन म्हणून लिमलेटच्या गोळ्या दिल्या. सोडिअम झालेल्या अर्णवने आपली एकुलती गोळी क्लोरिनला, म्हणजे आमोदला, द्यायची होती. पण तोवर आमोदने स्वतःच्या सातही खाल्ल्या होत्या. मुख्याध्यापिका मंदाकिनीबाई हायड्रोजन आणि हेलिअमच्या मधल्या मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या, तर मुलं ओरडली, "बाई, तिथे कुणीच नसतं!"

नेमके तेव्हाच तपासणीचे अधिकारी आले. त्यांनी विचारलं, "हायड्रोजन वायू, मग तो धातूंच्या ओळीत कसा?"

हायड्रोजन म्हणजे अवनी. जूनमध्ये वर्ध्याहून आली. तिच्या बोलण्याला मुलं हसली, तेव्हापासून वर्गात तिने तोंड उघडलं नव्हतं. मी डोळे मिटले.

"सर, यांच्यासारखा माझ्याकडेही बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे, म्हणून मी इथे," ती म्हणाली. "पण मी धातू नाही. माझं यांच्याशी सगळंच जुळत नाही." मग पायाखालच्या चौकोनाकडे बोट दाखवून म्हणाली, "तरी जागा माझीच आहे."

मामा, पहिली टाळी राजवायूंनी वाजवली. मी चष्मा पुसत राहिलो.

आपला,
श्रीधर

ता. क. : अधिकाऱ्यांनी तो प्रश्न आधी मला विचारला होता. मी "उंचीप्रमाणे उभं केलंय" असं सांगितलं.

ता. क. २ : येत्या शनिवारी चाळीस शिक्षकांपुढे हाच प्रयोग आहे. ते शंका विचारणार. पत्रिकेवर 'शंकानिरसन' यापुढे आपलं नाव छापलं आहे. नकार द्यायचा असल्यास पत्रिका वाटण्यापूर्वी कळवावा. पत्रिका काल वाटल्या.