छातीचं माप

९ जानेवारी २०२५

अब्बांशी आज बोलणारच नव्हतो. बोललो. चूक केली!

छातीचं ऑपरेशन करून घ्यायचंय म्हणून सांगायला दुकानात गेलो, तर मशीनवरून मानही वर नाही. "कापडाने झाकतं, त्याला कापायचं कशाला?" — इति बुधवार पेठेतले नामांकित रहीम टेलर! लहानपणापासून झाकतायतच. माझ्या प्रत्येक शर्टाला पुढे जास्तीचं कापड, आतून दोन्ही बाजूंना बकरमचं कडक अस्तर — मधलं हाड पुढे आलंय ते दिसू नये म्हणून. तरी कॉलेजात मला 'बोनेट'च म्हणतात. बकरम गेलं खड्ड्यात.

१४ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी तळहाताने हाड दाबून बघितलं. दबतंय, म्हणजे जमेल. छाती उघडायची नाही. दोन्ही कुशींना लहानसे छेद, कातडीखालून हाडावर स्टीलची पट्टी सरकवायची, ती हाड दाबून धरणार. दोनेक वर्षांनी काढायची.

"वडिलांकडे कुणाला आहे असं?"

"आमच्यात कुणालाच नाही." अब्बा, ताडकन! जॅकिटाची बटणं चाचपत. मे महिन्यातसुद्धा, घरातसुद्धा, जॅकिट काही सुटत नाही. मास्टरांचा रुबाब! आणि खानदानात डागी माल मी एकटा.

२० जानेवारी

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही मी केली. अम्मीने केली. अब्बा आले नाहीत. गिऱ्हाईक होतं म्हणे.

२७ जानेवारी

झालं! भयंकर दुखतंय. हसायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. शिंक आली की मेलोच.

संध्याकाळी अब्बा दाराशी उभे. माझ्या छातीकडे बघत राहिले, बराच वेळ. मग गेले. दुखतंय का, एवढंही विचारवलं नाही! हा कसला बाप? राग येतो, आणि राग आला की श्वास जोरात होतो, की पुन्हा दुखतं.

९ मार्च

आयुष्यातला पहिला विकतचा टी-शर्ट. अंगाला घट्ट बसणारा. अब्बांच्या समोरून मुद्दाम दोनदा गेलो. ते काजं करत बसले होते. बघितलं. नक्की बघितलं.

३० मार्च

संपलं. यापुढे या माणसाशी एक शब्द बोलणार नाही.

धाकटी बहीण मेहनाज दुकानातून माझा ईदचा कुर्ता घेऊन आली. घातला — छातीवर पिशवी! तेच जास्तीचं कापड. आतून तेच बकरम! म्हणजे ऑपरेशन झालेलं यांना मान्यच नाही. यांच्या लेखी मी अजून वाकडाच.

तसाच दुकानात गेलो. गिऱ्हाइकांची झुंबड होती. सगळ्यांदेखत कुर्ता टेबलावर फेकला. "मी सरळ झालो ते बघवत नाही तुम्हाला!"

अब्बांनी कुर्त्याची नीट घडी घातली. उद्या नमाजला मी एकटा जाणार.

३१ मार्च

सकाळी उशाशी एक कुर्ता. समोरून सरळ. बकरम नाही. घातला, तर कुठे सुरकुती नाही.

मेहनाज रडवेली. "भाई, खुंटीवर दोन होते. मी चुकीचा आणला."

बाहेर आलो. अब्बा नमाजला निघाले होते. आज जॅकिट नव्हतं. अंगात कालचा कुर्ता होता, आणि तो त्यांना छातीवर अगदी बरोबर बसला होता.